साहेबाच्या चालीतला खड्डा

टेकचंदशी वाद घालायचा असेल तर आधी पोटभर जेवून यावं. मी साठ वर्षं घालतोय, मला विचारा. हा माणूस हरत नाही, समोरचा भुकेनं उठून जातो.

मी घनश्याम. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मिस्त्री होतो, आता रिटायर. टेकचंद फिडल वाजवतो आणि मी त्याच्या बाजूला ढोलकी. गाव दोघांचंही नाकाडोंगरी. आम्ही घरात बोलतो तसं सगळंच लिहिलं तर पुण्याकडच्या वाचकाला घाम फुटेल, म्हणून मी शाळेत शिकलो तसं लिहितोय. माणसं बोलतील ती मात्र आपल्याच बोलीत. त्यांना सुधारायला मी जाणार नाही, आणि टेकचंदला तर देवालाही सुधारता आलं नाही.

टेकचंदचं वय सत्तर. डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला, मांडीवर हात दाबून चालतो. बस थांबते तिथे पंक्चरचं दुकान आहे, तलावाखाली दोन एकर धानाची बांधी आहे. आई तो तीन वर्षांचा असताना गेली. त्याला वाढवलं आत्यानं, म्हणजे कुंताबाईनं. ती तरुणपणीच विधवा होऊन भावाच्या घरी परत आली होती. आज ती नव्वदीला टेकली, तरी भाजी खुडते, कोंबड्यांना शिव्या देते आणि भाच्याला आंघोळीला पाठवते. टेकचंदची बायको पाच वर्षांपूर्वी गेली, मुली आपापल्या घरी सुखात आहेत. घरात आता ही दोघंच.

या माणसाची छाती दोन गोष्टींवर फुगते. पहिली, त्याचा बाप मंगरू यानं साहेबाकडून जी चाल घेतली तिच्यातला एक कणही बदलवला नाही. आणि दुसरी, पाय असा असूनसुद्धा, पहिलं साल सोडलं तर, दंडारीत तो कधी मागे पडला नाही. या दोन गोष्टी तो पंक्चर काढता काढता गिऱ्हाइकाला ऐकवतो. ट्यूब पाण्यात बुडवलेली असते, माणूस अडकलेला असतो, जाणार कुठे?

आता हा साहेब कोण, ते सांगतो. आमच्या गावाजवळ मँगनीजची खाण आहे. साठ-बासष्ट वर्षांपूर्वी तिथे अमेरिकेहून एक मशीन आलं आणि मशीन बसवायला एक इंजिनिअर आला. नाव हॉल, आमच्या लोकांच्या तोंडी हालसाहेब. मंगरूकाका त्याच्या बंगल्यावर पाणी भरायला होता. साहेब पहाडी मुलखातला, संध्याकाळी व्हरांड्यात बसून फिडल वाजवायचा. आपल्याकडचे उस्ताद व्हायोलिन मांडी घालून, पायाला टेकवून वाजवतात, शहरातले हनुवटीखाली धरतात. हा ते छातीला लावायचा, बरगडीवर. टेकचंद आजही तसंच धरतो. मंगरूकाका हंडे ठेवायचा आणि खांबाला टेकून ऐकत उभा राहायचा. एक दिवस साहेबानं फिडल त्याच्या हातात दिलं. दीड वर्षात मंगरूकाका साहेबाच्या सात-आठ चाली वाजवायला लागला. अक्षरओळख नव्हती त्या माणसाला, पण कान असा होता की मिलच्या पट्ट्याचा आवाज ऐकून तो कुठे सैल आहे ते सांगेल. जाताना साहेब फिडल त्यालाच देऊन गेला. फिडलच्या पेटीत एक चिठ्ठी होती, तिच्यावर साहेबाचं नाव आणि गाव.

आठातल्या सात चाली हळूहळू विसरल्या गेल्या. एक राहिली, कारण ती दंडारीत शिरली.

दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला नाच. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, तेव्हा गावातली पोरं हातात टिपऱ्या घेऊन रांगेनं नाचतात. रांग पुढे जाते, मग एका टोकाशी वळते. वळताना सगळ्यात आतला गडी जागच्या जागी फिरतो आणि शेपटाला जो असतो त्याला मोठा फेरा मारून धावत यावं लागतं. साहेबाची चाल या वळणाला फार छान बसते. तिचे दोन तुकडे आहेत, पहिला खाली खेळतो, दुसरा एकदम वर चढतो आणि गोल फिरून खाली येतो. तो फिरला की रांग फिरते.

आणि तिथेच आमच्या चालीत खड्डा आहे. दुसरा तुकडा संपतो, रांग वळते, आणि पुन्हा पहिला तुकडा सुरू व्हायच्या आधी एक जागा रिकामी जाते. फिडल थांबतं, ढोलकी थांबते, टाळ थांबतात. एका श्वासाएवढी जागा. मग पुन्हा सगळं सुरू. ज्याला सवय नाही तो वाजवणारा त्या जागी हमखास तोंडघशी पडतो. मी स्वतः पहिल्या साली तीनदा पडलो, आणि टेकचंदनं मला त्या तीन वेळांची आठवण आजपर्यंत सोळाशे वेळा करून दिली आहे.

तुमसरच्या बँडवाल्यांनी हीच चाल उचलली, तीत दोन सिनेमाच्या ओळी घुसवल्या आणि वरातीत वाजवायला लागले. ती ऐकवत नाही. चिखलात धान रोवणाऱ्या बायका तिला शब्द लावून संथ म्हणतात, ती ऐकावी. पण खरं भांडण कारध्याशी. भंडाऱ्यासमोर नदीच्या काठी कारधा आहे, तिथला धनीराम ही चाल हार्मोनियमवर वाजवतो. त्याच्या बापाची सासुरवाडी आमच्याच गावची. चाल पहिल्यांदा वाजली त्या मंडईला तो बाप आला होता, ऐकून घेऊन गेला. कारध्याच्या चालीत खड्डा नाही. सपाट रस्ता.

धनीराम म्हणतो, "माया बापानं जसी आइकली तसी वाजवली. खड्डा तुमी पाडला."

टेकचंद म्हणतो, "साहेब मायाच बापाजवळ बसे. तुया बापाजवळ नाई."

यावर तिसरं वाक्य आजवर कोणाला सुचलेलं नाही. दर मंडईला हेच.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये एक जखम आहे. आम्ही सतरा वर्षांचे होतो तेव्हा भंडाऱ्याला दंडारीची स्पर्धा झाली. आमचं मंडळ गेलं. मंगरूकाका फिडलवर, रांगेत मी शेपटाकडून दुसरा, माझ्या मागे शेवटी टेकचंद. बाहेरून कोणी परीक्षक आले होते. पहिला भाग झाला, त्यांनी आम्हाला थांबवलं. म्हणाले, "बुवा, एक मात्रा जास्त जातेय तुमची. तेवढी गाळा आणि पुन्हा वाजवा. नंबर तुमचाच."

मंगरूकाका म्हणाला, "असीच हाय जी."

"गाळून तर बघा."

"नाई जी. असीच हाय."

परीक्षक चिडले. माइकवर म्हणाले की ज्याला ताल सांभाळता येत नाही त्यानं वाद्य हातात धरू नये. हजार माणूस बसलं होतं. हसलं. मागून कोणीतरी ओरडलं, नाचता येईना अंगण वाकडं. नंबर कारध्याला गेला. मंगरूकाकानं फिडल पेटीत ठेवलं आणि पुन्हा कधी मंचावर नेलं नाही. घरी वाजवायचा, तलावाच्या पाळीवर बसून वाजवायचा, लोकांसमोर नाही. सहा वर्षांनी गेला. गावोगाव मात्र नाव राहिलं ते बेताल मंगरू असं. लोकांच्या जिभेला काय हाड असतं?

टेकचंदनं बापाच्या तेराव्याला पेटी उघडली. त्यानं नाच सोडला आणि फिडल धरलं. तारा मिळेनात तेव्हा ब्रेकच्या वायरचे पदर सोडवून लावले, गजाला सालईची राळ चोळली. आणि त्या दिवसापासून त्याचं एकच म्हणणं आहे: माझा बाप बेताल नव्हता. साहेबानं शिकवली तशी वाजवली, म्हणूनच तो भर सभेत ती मोडायला तयार झाला नाही. हे सिद्ध झालं पाहिजे. मी त्याचा जिगरी दोस्त, पण खरं सांगतो, मलाही कधीकधी वाटायचं की काकाची मात्रा कुठेतरी सांडली असणार. तोंडावर बोललो नाही. ढोलकी वाजवत राहिलो.

मागच्या वर्षी मंडईत रीना आली. पोरगी मूळची तुमसरची, नागपूरला संगीतात पीएचडी करते. झाडीपट्टीच्या चालींचं पुस्तक काढते आहे, सगळं स्वरलिपीत लिहून. फोनवर आमची चाल भरून घेतली. मग कारध्याला जाऊन धनीरामची भरली. आणि परत येऊन दुकानात टेकचंदला म्हणाली, "काका, पुस्तकात एक चाल वर राहील आणि दुसरी खाली, पाठभेद म्हणून. धनीरामकाका म्हणतात की तुमची चाल म्हणजे त्यांचीच, फक्त चुकलेली."

टेकचंदच्या हातातला पाना खाली पडला. मी म्हटलं, आता ही पोरगी पंक्चर होते.

पण तो ओरडला नाही. लंगडत घरी गेला, पेटीतली चिठ्ठी घेऊन आला आणि तिच्या हातात ठेवली. "हे साहेबाचं नाव. हे त्याचं गाव. जा, थेट त्यालेच इचार. तो म्हणन तसं लिव."

साहेब आता कुठला असायला, पण पोरगी जिद्दीची. चिठ्ठीवरच्या गावाला पत्रं पाठवली, इंटरनेटवर शोधलं, तिथल्या वाचनालयाला फोन केला. जवळजवळ वर्ष गेलं. मधूनमधून येऊन आम्हाला सांगायची. म्हणाली, या चालीला तिकडे एक नावच नाही. एका खोऱ्यात तिला आंधळ्या घोडीची चाल म्हणतात, डोंगर ओलांडला की तीच चाल सॅलीचा पाणवठा होते. एकाकडे दुसरा तुकडा आधी, दुसऱ्याकडे नंतर. त्याहून मागे गेलं तर ती बहुतेक स्कॉटलंडकडून आलेल्या लोकांबरोबर बोटीत बसून आली. तिथे ती संथ होती, बायका ओली लोकर कुटताना म्हणायच्या. अमेरिकेच्या पहाडात आल्यावर नाचासाठी तिला पळवली, तिथल्या काळ्या वादकांनी गजाला झटका दिला. मूळ चाल कोणती, हे तिकडेही कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही.

टेकचंद ऐकून घेत होता. म्हणाला, "म्हंजे चाल बी पोटासाठी गाव सोडून फिरली."

मग एक दिवस ती म्हणाली की त्या पहाडात काही चाली मुद्दाम एक मात्रा जास्त किंवा कमी ठेवूनच वाजवतात. लोक त्यांना वाकड्या चाली म्हणतात, आणि जुने वादक त्यांना सरळ करू देत नाहीत.

झालं. टेकचंदला पंख फुटले. दुकानात येईल त्याला, पंक्चर असो नसो, वाकड्या चाली. रात्रीचं जेवण वाढताना कुंताबाईला वाकड्या चाली. ती म्हणायची, "हव बापा, जेव आता." आणि त्यातच बातमी आली. साहेबाची मुलगी सापडली होती. सत्तरीची बाई, बापाच्या आठवणी जपून ठेवलेल्या. साहेब भारतातून परत गेल्यावर कधीतरी घरातल्या टेपवर वाजवत बसला होता, ती टेप तिच्याकडे होती. त्यात ही चाल होती. स्वतः हालसाहेबाच्या हातची. ती फोनवर पाठवते म्हणाली.

कोणीही शहाणा माणूस आधी एकट्यानं ऐकेल. मी तेच म्हटलं. पण हात दाखवून अवलक्षण करायची हौस असेल तर काय करावं? टेकचंद म्हणाला, "धनीरामले बोलाव. त्याच्यासमोर आइकाचं. अना पोरी, तू आमच्या आंधी आइकशीन नोको."

मार्गशीर्षातली दुपार. धानाची मळणी झाली होती. धनीराम कारध्याहून मोटरसायकलवर आला, नवी टोपी घालून. आम्ही टेकचंदच्या छपरीत बसलो. एका कडेला कुंताबाई लाखोळीची भाजी खुडत बसली होती, कोवळी पानं टोपलीत, देठं कोंबड्यांना. चहा झाला. टेकचंदनं फिडल छातीला लावून ठेवलं होतं, कारण टेप संपली की लगेच तो वाजवून दाखवणार होता. रीनानं एक छोटा स्पीकर मधोमध ठेवला.

आधी खरखर. मग कोणाचं तरी खाकरणं. आणि मग साहेब वाजायला लागला.

काय सांगू. तीच चाल. पहिला तुकडा खाली खेळला, तसाच, अगदी टेकचंदच्या हाताचा वळसा. साठ वर्षांत सात समुद्रांपलीकडे त्या वळणाला धक्का लागला नव्हता. मंगरूकाकाचा कान. माझा हात आपोआप मांडीवर ठेका धरायला लागला. धनीरामसुद्धा मान डोलवत होता. दुसरा तुकडा वर चढला, गोल फिरला, खाली आला. मी थांबलो.

साहेब थांबला नाही.

सरळ पहिल्या तुकड्यात गेला. मला वाटलं, पहिल्या फेरीत नसेल. पुन्हा आलं वळण. पुन्हा सरळ. साहेबानं ती चाल सहा वेळा वाजवली आणि सहाही वेळा सपाट रस्ता. मग पुन्हा खरखर आणि टेप संपली.

मी टेकचंदकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. माझा मित्र मी असा कधी पाहिला नव्हता. बापाच्या तेराव्यालाही नाही. तेव्हा त्याच्याकडे निदान एक काम होतं. आता कामच संपलं होतं. त्यानं फिडल छातीवरून काढून बाजूला चटईवर ठेवलं.

धनीराम जिंकला होता, पण त्याला काही ते साजरं करता येईना. टोपी काढून हातात फिरवत बसला. शेवटी हळूच म्हणाला, "टेकचंद, जाऊ दे ना गा. माणूस चुकते. मंगरूबुवा मोठा वादक होता, मी बी मानतो."

"चुकला नाई तो," टेकचंद म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. "अना चुकला असंल तं मंग तुमीच खरे. पन्नास सालं मी खोटं बोलून रायलो. लिव पोरी. कारध्याची वर लिव."

रीनानं वही उघडली नाही. ती रडवेली झाली होती. हे सगळं आपल्यामुळे झालं असं तिला वाटत असणार.

तेव्हा कुंताबाई बोलली. भाजीवरून मान वर न करता.

"चुकला कायले? त्यानं मुद्दाम बदलवली."

टेकचंद म्हणाला, "आत्या, तुले काय मालूम?"

"मले नाई मालूम तं कोनाले? याच छपरीत बसून बदलवली. पाच दिवस तेच ते वाजवे. जनावरं बी कंटाळली."

"काहून बदलवली?"

आता तिनं मान वर केली. टोपली बाजूला सरकवली. "पन्नास सालं झाली, तुमी सारे भांडून रायले, बदलवली का नाई बदलवली. काहून बदलवली, हे आज पयल्यांदा इचारलं कोनी."

आणि मग तिनं सांगितलं.

साहेब गेला त्या साली चाल पहिल्यांदा मंडईत वाजली, तेव्हा खड्डा नव्हता. साहेबाची होती तशीच होती. धनीरामच्या बापानं ऐकली ती हीच. टेकचंद नऊ वर्षांचा होता आणि रांगेत घ्या म्हणून हट्ट धरून बसला होता. मंडळातली मोठी माणसं नको म्हणत होती, लंगडं पोट्टं रांग मोडते. मंगरूकाकानं हातापाया पडून त्याला शेपटाला उभं केलं. पहिलं वळण आलं, शेपटाला धावावं लागतं, पोरगं धावलं आणि आपटलं. उठलं, पुन्हा धावलं, दुसऱ्या वळणाला पुन्हा आपटलं. मंडई हसली. घरी येऊन दोन दिवस जेवलं नाही.

"मंग मंगरूनं तो खड्डा पाडला," कुंताबाई म्हणाली. "तुले आंगनात नाचाले लावे अना मोजे, तू किती मांगं रायतंस. तेवढी जागा ठेवली. मंडळाले सांगतलं, साहेब असीच वाजवे, मी मांगच्या साली चुकलो होतो. दुसऱ्या सालापासून तू पडला नाई."

मला ते दुसरं साल आठवलं. मी त्याच्या पुढे होतो. वळून पाहिलं तर टेकचंद माझ्या पाठीशी हजर, धापा टाकत, दात काढून हसत. आम्हाला वाटलं सराव केला गड्यानं. त्यालाही तसंच वाटलं. पन्नास वर्षं आम्ही त्याचं कौतुक केलं, आणि मी त्याच्या बापाच्या तालावर मनातल्या मनात शंका घेतली. मला माझी लाज वाटली, सरळ सांगतो.

टेकचंद म्हणाला, "भंडाऱ्याले परीक्षकानं सीधी वाजवाले सांगतली होती."

"हव."

"त्याले तं सीधी येत होती."

"झोपेत येत होती. मी बायांमंधी बसली होती. येताना एश्टीत इचारलं, काहून नाई वाजवली रे, नंबर भेटला असता. तं म्हणाला, सीधी वाजवली असती तं पोरगं पडलं असतं. हजार लोकायसमोर." तिनं टोपली पुन्हा जवळ ओढली. "अना म्हणे, त्याले सांगू नोको. त्याले वाटन का सारे आपल्यासाठी थांबतात. मंग तो रांगंतून निंघून जाइन."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. आम्ही तर अमेरिकेपर्यंत वळसा घातला होता.

टेकचंद स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत होता. ज्या दोन गोष्टींवर तो उभा होता त्या दोन्ही एका झटक्यात गेल्या होत्या. बापानं चाल बदलवली होती आणि तो स्वतः दर वळणाला मागे पडत होता.

"म्हंजे मी मांगं पडत होतो," तो म्हणाला.

"पडत होतास," कुंताबाई म्हणाली. "मंग?"

साठ वर्षांत मी पहिल्यांदा त्याला हरलेलं पाहिलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. तो रडला. सत्तर वर्षांचा माणूस, तोंडावर गमछा न घेता, आमच्या सगळ्यांसमोर. "बाबानं माया पायी बेताल म्हणून घेतलं," एवढंच दोनदा म्हणाला. धनीराम उठून त्याच्या बाजूला जाऊन बसला.

मग टेकचंदनं नाक पुसलं, फिडल उचललं, बरगडीला लावलं. मला म्हणाला, "घनश्या, घे." ढोलकी आणलीच होती. आम्ही वाजवली. दुसरा तुकडा वर चढला, फिरला, खाली आला, आणि आम्ही थांबलो. इतकी वर्षं मी त्या जागेत श्वास रोखून, चुकायला नको म्हणून, मोजत थांबायचो. त्या दिवशी मी मोजलं नाही. मला अंगणातून धावत येणारा नऊ वर्षांचा पोरगा दिसत होता. तो पोचला, आणि आम्ही पुढे गेलो.

वाजवून झाल्यावर रीनानं वही उघडली. टेकचंदचा आवाज पुन्हा जागेवर आला होता, दुकानात असतो तसा. "लिव पोरी. साहेबाची चाल कारध्याजवळ हाय, वर त्याईचं नाव लिव. ते खरं हाय. अना खाली आमची. पाठभेद म्हण, काय म्हणाचं ते म्हण. तिच्यावर लिव का मंगरूनं बदलवली. चुकली असं लिवशीन तं पाह्य."

"नाही लिहिणार काका." ती भराभर स्वर मांडत गेली. सा रे करत पहिला तुकडा झाला, दुसरा झाला. मग पेन थांबलं. "आणि इथे? या रिकाम्या जागी किती मात्रा लिहू? एक, की दीड?"

"मात्रा कायले मोजतं," टेकचंद म्हणाला. "लिव, मांगचा येईन तोवर."